पीठ तुझं, हात माझा

माझी नात यंदा पुण्याला शिकायला गेली. मेसचं जेवण तिला पंधरा दिवसांत नकोसं झालं, आणि आता ती नि तिच्या दोन मैत्रिणी खोलीवरच काहीबाही शिजवतात. परवा तिनं फोनवर विचारलं, "आजोबा, तुम्ही पण खोली घेऊन शिकलात ना? तुम्ही काय करायचात? स्वस्त आणि सोपं काहीतरी सांगा." मी तिला खिचडी सांगितली. दोन मुठी तांदूळ, मूठभर डाळ, कांदा, हळद, मीठ, आणि झाकण ठेवून पुस्तक वाचत बसायचं. तिनं ते लिहून घेतलं. खरं उत्तर वेगळं होतं. वर्ध्याच्या त्या खोलीत आम्ही खिचडी क्वचितच केली. आम्ही बेसन करायचो. आमच्या भागात चण्याच्या पिठालाही बेसन म्हणतात आणि त्याच्या पिठल्यालाही बेसनच. ते मी गेली कित्येक वर्षं स्वतःच्या हातानं केलेलं नाही. घरात कुणी केलं तर मी पानावर बसतो, पण त्या दिवशी मला भूक नसते. बायकोनं याचं कारण विचारायचं केव्हाच सोडून दिलं. ज्याच्यापाशी ते कारण होतं तो डोमा मागच्या वर्षी गेला. आता ते माझ्या एकट्यापाशी उरलं आहे, म्हणून लिहून ठेवतो.

वर्ध्याजवळच्या सेलूला आमचं किराण्याचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर, मधे एक दार. दाराच्या त्या बाजूला बाबूजींचं राज्य, या बाजूला मायचं. बाबूजींचा आवाज गोड होता. "या काकाजी, बसा काकाजी" असं म्हणत ते तराजू उचलत, आणि तराजूच्या साखळीचा तो किणकिणाट मला अजून ऐकू येतो. मायचा आवाज म्हणजे जात्याचा आवाज. ती बोलायची कमी. भल्या पहाटे ती चणे दळायला बसे, आणि मी अर्धवट झोपेत ती घरघर ऐकत पडलेला असे. दुकानात बेसनाचं पोतं तोंड उघडून उभं असताना ही बाई जातं का ओढते, हे लहानपणी मला कोडं होतं. एकदा तिचे कष्ट वाचावेत म्हणून मी पोत्यातलं वाटीभर पीठ आणून तिच्यापुढं ठेवलं. तिनं ती वाटी उचलली, दार ओलांडून दुकानात गेली आणि पीठ परत पोत्यात टाकून आली. "ते इकाचं हाये," ती म्हणाली, "हे खाचं." आणि पुन्हा दळायला लागली.

पुढं मला ते कोडं सुटलं. मी हुशार होतो म्हणून नव्हे. दुकानदाराच्या पोराला अशा गोष्टी न सांगता कळतात. भंडाऱ्याकडून लाखोळीची पोती यायची. लाखोळी ही गरिबाची डाळ. भात निघाला की त्याच बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, ती होते, फारसे कष्ट घ्यावे लागत नाहीत, म्हणून स्वस्त. चण्यात मिसळून गिरणीवर दळली की पिठाचा रंग थोडा उतरतो, पण हळद पडल्यावर कोण बघतो. कधीमधी खाल्ली तर काही होत नाही. पण तीच रोज, दोन्ही वेळा, महिनोन्महिने पोटात गेली तर माणसाचे पाय जातात. हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आमच्या दुकानापुढं एक म्हातारा मागायला यायचा. दोन हातांत दोन काठ्या, गुडघे एकमेकांवर घासत, टाचा जमिनीला न टेकवता चालायचा. लोक म्हणत, याला लाखोळीनं धरलं. बाबूजी त्याला न चुकता गुळाचा खडा देत. मी तो खडा अनेकदा माझ्या हातानं त्याच्या हातावर ठेवला आहे.

मॅट्रिक झाल्यावर मला वर्ध्याला कॉलेजात घातलं. मावशी वर्ध्यातच राहायची, पण तिच्याकडं आधीच पाच पोरं, म्हणून तेलघाण्यामागची एक खोली घेतली. दिवसभर घाण्याची करकर, आणि भिंतींना, गादीला, पुस्तकांना जवसाच्या तेलाचा वास. खोलीतला दुसरा विद्यार्थी होता डोमा. हा आर्वी तालुक्यातल्या रोहण्याचा. बाप नव्हता, आई लोकांच्या वावरात कामाला जायची. पहिल्या दिवशी तो आला तो गुडघ्यांपर्यंत धुळीनं माखलेला. रोहण्याहून पुलगावला अरुंद रुळांची छोटी गाडी यायची, पण हा पठ्ठ्या पुलगावपर्यंत डोक्यावर वळकटी घेऊन चालत आला होता. मी विचारलं तर म्हणाला, "गाडी कशाले? पाय देल्ले हायेत ना देवानं." त्याचे पाय खरोखरच लांब होते, बगळ्यासारखे. त्याला पटवारी व्हायचं होतं. इंटर झालं की अर्ज टाकणार होता. "पटवाऱ्याले दिवसभर वावरं फिरा लागते," तो म्हणायचा, "माह्यावानी चालनारा कोन हाये?" कॉलेज सुटल्यावर तो मला सेवाग्रामच्या रस्त्यानं फिरायला न्यायचा आणि मी अर्ध्या वाटेवर बसायचो. तो पुढं जाऊन परत यायचा, म्हणजे माझ्या दुप्पट चालायचा, आणि वर मलाच हसायचा.

मला स्वयंपाकातलं ओ की ठो येत नव्हतं. मावशीनं गंज, म्हणजे पातेलं, तवा नि पळी दिली, आणि आरागिरणीवरून भुसा आणायला सांगितलं. तेव्हा विद्यार्थी भुशाची शेगडी वापरत. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, भोवती भुसा ठासून भरायचा, मग बाटली हलक्या हातानं वर ओढायची. बोगदा नीट राहिला तर शेगडी दोन-तीन तास मंद जळते. माझा बोगदा रोज ढासळायचा आणि खोलीभर धूर व्हायचा. पहिल्या दिवशी मी भात केला. डोमानं झाकण उघडून पाहिलं.

"काय करून राह्यला बे?"

"भात."

"हे भात नाई. ही खळ हाये. पतंगाच्या कामाले येईन."

पण त्यानं ती खळ फेकू दिली नाही. त्यात ताक, मीठ, ठेचलेली मिरची घातली, आणि आम्ही ती ओरपून खाल्ली. त्या दिवसापासून तो माझा मास्तर झाला. भाकर थापताना पाणी किती गरम पाहिजे, शिळ्या भाकरीचा कुस्करा कसा करायचा, आंबाडीची भाजी कण्या घालून कशी वाढवायची, तेल संपलं तर घाण्याच्या माणसाकडून चमचाभर कसं मागून आणायचं, हे सगळं मला त्यानं शिकवलं. कोंड्याचा मांडा करणं म्हणजे काय ते मी त्या खोलीत पाहिलं. पण रोहण्याहून येणारा त्याचा शिधा म्हणजे ज्वारीची चुंगडी, लहानसं पोतं, आणि आईनं केलेली जवसाची चटणी, एवढंच. मी सेलूहून मायनं दळलेल्या बेसनाचा डबा आणायचो. डोमा फुकट काही घेणाऱ्यांतला नव्हता. दोन दिवस त्यानं माझ्या डब्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानंच तोड काढली. "असं करू. पीठ तुहं, हात माहा. तू आनजो, मी रांधीन." मला तर हेच हवं होतं. मी मोठ्या तोऱ्यात त्याला सांगितलं, "आमच्याकडं विकायचं वेगळं नि खायचं वेगळं असतं. हे खायचं आहे." तो म्हणाला, "मंग सेठ, आपली तर मजा हाये."

बेसन करणं इतकं सोपं की त्यात शिकवण्यासारखं काही नाही असं मला वाटायचं. डोमा मात्र ते पूजेसारखं करायचा. तेलात मोहरी, लसूण, हिरवी मिरची, हळद, मग पाणी, पाण्याला खळाळून उकळी आली की डाव्या हातानं उंचावरून पीठ सोडायचं आणि उजव्या हातानं पळी एकाच बाजूनं फिरवत राहायचं. मधे बोलायचं नाही. मी केलं की हमखास गुठळ्या व्हायच्या. तो पळीवर एक गुठळी घेऊन माझ्यासमोर धरायचा. "गुठळी झाली म्हंजे तुहं ध्यान दुसरीकडं होतं." आणि ती फोडून दाखवायचा. आत कोरडं पीठ असायचं.

दिवाळीला मी घरी गेलो तेव्हा मायला म्हटलं, डबा पुरत नाही, डोमाही त्यातलंच खातो. दारातून बाबूजींनी ऐकलं. ते म्हणाले, "घरच्या डब्यातलं दोघाले कसं पुरन? तुही माय काय दिवसभर जातंच ओढन?" आणि त्यांनी दुकानातल्या पोत्यातून एक मोठी कापडी पिशवी गच्च भरली. पिशवीवर आमच्या दुकानाचा निळा छाप होता. "हे घेऊन जाय. त्या पोराले होईन." ते खरोखरच उदारपणानं देत होते, हे मला आजही कबूल करावं लागतं. निघताना मायनं माझ्या ट्रंकेत कपड्यांखाली एक छोटा डबा ठेवला. "तू याच्यातलं खाजो," ती म्हणाली. "पिशवीतलं तुह्यासाठी नाई."

"काऊन?"

"तुले पचनार नाई."

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. मीही तिला पुढं काही विचारलं नाही. आमच्या घरात विचारायची गरज पडत नसे.

वर्ध्याला आल्यावर मी पिशवी खुंटीला लावली आणि डबा ट्रंकेतच ठेवला. एका खोलीत दोन पिठं, एक माझं आणि एक तुझं, हे डोमाला कुठल्या तोंडानं सांगणार होतो? मी म्हटलं, मायनं यंदा भरपूर दळून दिलंय. तो खूश झाला. मग मी माझी सोय लावून घेतली. संध्याकाळी मावशीकडं जेवायला जाऊ लागलो, पोट ठीक नाही म्हणून सकाळी ताक-भातावर भागवू लागलो. अधूनमधून डोमानं केलेलं बेसन चार घास खायचो, अगदीच नाही म्हटलं तर त्याला संशय येईल म्हणून. ताकास तूर लागू न देणं म्हणतात ते मी अठराव्या वर्षीच शिकलो.

त्या हिवाळ्यात डोमा कापसाच्या जिनिंगमधे सकाळचं काम करू लागला. थंडीत कुडकुडत जायचा, अंगाखांद्यावर कापसाचे तंतू घेऊन परत यायचा आणि तसाच कॉलेजात. रोहण्याहून ज्वारी कमी येऊ लागली, तिकडंच पुरत नव्हती. मग तो भाकरीच्या पिठातही अर्धं बेसन घालू लागला. सकाळी बेसन आणि बेसनाची भाकर, संध्याकाळी तेच. मी महिन्याला पिशवी भरून आणायचो. तो म्हणायचा, "तुह्या मायच्या हाताले सोन्याचं कडं करून देईन, पटवारी झालो म्हंजे."

आता जे लिहायचं ते लिहिण्यासाठीच इथवर आलो. मला माहीत नव्हतं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. संक्रांतीच्या सुमारास डोमा जिनिंगवर गेलेला असताना एका सकाळी मी स्वतः पिशवीतलं पीठ उकळत्या पाण्यात सोडलं. त्याला कच्च्या वाटाण्यासारखा वास आला. मी ट्रंकेतला डबा काढला, त्यातलं चिमूटभर तव्यावर टाकलं. खमंग, आमच्या घरच्या पहाटेचा वास. पुन्हा पिशवीतलं टाकून पाहिलं. दोनदा पाहिलं. मग डब्याचं झाकण लावलं, डबा कपड्यांखाली सारला आणि कॉलेजात गेलो. डोमा बेसन किती खातो हे मला माहीत होतं, गुळाच्या खड्याचा म्हाताराही मला माहीत होता, आणि या दोन गोष्टी शेजारी ठेवायच्या नाहीत एवढीच काळजी मी घेतली. कायम थोडंच चालणार आहे, परीक्षा झाली की जो तो आपल्या घरी, असं मनाला सांगितलं. त्या दिवशी तासाला काय शिकवलं ते आठवत नाही.

शिमगा जवळ आला तेव्हा डोमा घाण्याच्या पायरीवर अडखळला. आम्ही दोघंही हसलो. मग रात्री पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. पाय जड झालेत, जिनिंगमधे थंडी बाधली, असं तो म्हणायचा आणि घाण्यावरचं तेल गरम करून चोळायचा. फिरायला जाणं बंद झालं. एके सकाळी तो अंथरुणातून उठला आणि त्याच्या टाचा जमिनीला टेकेनात. तो भिंत धरून उभा राहिला, चवड्यांवर, नाचायला उभं राहावं तसा, आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "वसंता, हे काय होऊन राह्यलं बे?" मला ते उभं राहणं ओळखता आलं. दोन काठ्या तेवढ्या कमी होत्या.

मी त्याला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर वयस्क होते, भंडाऱ्याकडं नोकरी करून आलेले. त्यांनी त्याच्या गुडघ्याखाली छोटी हातोडी मारली तर पाय ताडकन उडाला. त्यांनी पायाचं आणखी काही पाहिलं नाही, सरळ विचारलं, "काय खातोस?"

"बेसन-भाकर," डोमा म्हणाला.

"रोज?"

"रोजच. दोन्ही टाइम."

"पीठ कुठलं? लाखोळी तर नाही त्यात?"

"नाई जी," डोमा म्हणाला. "याच्या घरचं हाये. इकाचं नाई, खाचं पीठ हाये." आणि त्यानं माझ्याकडं पाहिलं.

डॉक्टरांनीही माझ्याकडं पाहिलं. "काय रे? सांग नीट."

डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडं होतं. बाहेरच्या बाकावर सेलूची दोन माणसं बसली होती, आमच्याच आळीतली, बाबूजी ज्यांना काकाजी म्हणत ती. पण त्यांच्यावर ढकलण्यात अर्थ नाही. ती नसती तरी मी काय बोललो असतो ते मला सांगता येत नाही. मी म्हणालो, "नाही. चण्याचंच आहे."

डॉक्टरांनी हातोडी टेबलावर ठेवली. मग त्यांनी ताकदीची सुई लिहून दिली आणि शेक घ्यायला सांगितलं. पुढं फार वर्षांनी एका दुसऱ्या डॉक्टरांनी मला सांगितलं की असे पाय एकदा गेले की मागं येत नाहीत, तोवर व्हायचं ते होऊन गेलं असावं. त्या वाक्याला धरून मी काही वर्षं काढली. पण त्या दिवशी मला हे माहीत नव्हतं. त्या दिवशी मला एवढंच माहीत होतं की खरं बोललं तर कदाचित उपाय होईल, आणि मी बोललो नाही. परत आल्यावर डोमाला झोप लागली तेव्हा मी पिशवी उचलली आणि सगळं पीठ मागच्या नाल्यात उपडं केलं. ट्रंकेतला डबा काढून खुंटीखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यातलं बेसन केलं, गुठळ्यांसकट. डोमानं खाल्लं. म्हणाला, "आज वास चांगला येऊन राह्यला."

आठवड्यानं त्याची आई न्यायला आली. काळी, लहानखुरी बाई, पाठीत वाकलेली. तिनं लेकाचे पाय मांडीवर घेतले आणि बराच वेळ नुसती चेपत बसली. रडली नाही. वावरात कुणाच्या तरी देवाच्या दगडाला आपला पाय लागला असेल, त्याची ही शिक्षा, असं तिच्या मनानं घेतलं होतं. तिनं ते मला हलक्या आवाजात सांगितलंही, आणि रोहण्याला जाऊन कोंबडं द्यायचं कबूल केलं. मग ती उठली, खोली झाडली, भांडी घासली. रिकामी पिशवी तिला कोपऱ्यात दिसली. तिनं ती धुतली, उन्हात वाळवली, घडी घालून माझ्या हातात दिली. निळा छाप वर आला होता. "तुह्या मायले देजो," ती म्हणाली. "सांगजो, तिच्या पिठावर माह्या लेकानं हिवाळा काढला. तू होता म्हून त्याच्या पोटात अन्न गेलं बाबू." आणि तिनं माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. त्या बोटांचा आवाज मला तराजूच्या साखळीपेक्षाही स्पष्ट आठवतो.

मी घाण्याच्या माणसाला बोलावलं. आम्ही दोघांनी डोमाला उचलून टांग्यात ठेवलं, स्टेशनवर गाडीत बसवलं. तो खिडकीपाशी होता. गाडी हलेपर्यंत तो माझ्याकडं बघत राहिला, आणि मी फलाटावरच्या नळाकडं.

त्या शनिवारी सेलूला जाऊन मी पिशवी बाबूजींच्या गल्ल्यावर ठेवली आणि सगळं सांगितलं. ते चिडतील असं वाटलं होतं. ते चिडले नाहीत. तराजू पुसत म्हणाले, "थोडंथोडं खाल्लं तर काई होत नाई. तो पोरगा रोज तेच खाईन, हे मले का मालूम?" मग थोड्या वेळानं, "सारेच करतात. मी एकटा चोखा राह्यलो तर दुकान बंद करा लागन. तुहं कॉलेज कशावर चालून राह्यलं?" माय दारात उभी होती. ती पुढं आली, पिशवीवर हात ठेवून उभी राहिली आणि मग पिशवी घेऊन आत गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे मला नेहमीसारखी जात्याची घरघर ऐकू आली, आणि पोतंही दुकानात जागच्या जागी होतं. मी पुढं तीन वर्षं त्याच दुकानाच्या पैशावर शिकलो, मास्तर झालो. डोमाला दोन पत्रं लिहिली, दोन्ही फाडली.

बाबूजी गेल्यावर मी रोहण्याला गेलो. तोवर माझे केस पिकू लागले होते. जे सांगायचं ते पाठ करून गेलो होतो. स्टेशनाजवळ डोमाचं छोटंसं दुकान होतं. सुतळी, बिड्या, मीठ, डाळी. तो पोत्यावर बसलेला, पाय पोटाशी दुमडलेले, शेजारी काठ्या. मला त्यानं लगेच ओळखलं. "ये बे," म्हणाला, काल भेटल्यासारखा. त्याच्या आईला जाऊन दहा वर्षं झाली होती. लग्न झालं होतं. मुलाबाळांची, कॉलेजची, घाण्याची चौकशी झाली. माझं पाठ केलेलं तसंच राहत होतं. तेवढ्यात आतून त्याची बायको वाटी घेऊन आली आणि दुकानातल्या पत्र्याच्या डब्यातून बेसन काढू लागली. मी त्या वाटीकडं बघत राहिलो असणार.

"माहं दुकान तुमच्यावानी मोठं नाई," डोमा म्हणाला. "एकच डबा हाये. इकाचं बी त्याच्यातलं, खाचं बी त्याच्यातलंच."

मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"डॉक्टरनं इचारलं तवा. मी तुह्या तोंडाकडं पाह्यत होतो ना."

"मग तू बोलला का नाहीस?"

तो थोडा वेळ बिडीचं बंडल हातात फिरवत राहिला. "मले वाटलं, तू सांगशीन. दवाखान्यात मानसं होती, म्हटलं खोलीवर गेल्यावर सांगशीन. मंग म्हटलं, माय आल्यावर सांगशीन. ती बिचारी दगडाले कोंबडं देत बसली, तिले तरी समजलं असतं. गाडी हालली तवाबी मी पाह्यत होतो."

"आज तेच सांगायला आलो," मी म्हटलं.

"आता?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "जेव आधी."

त्याच्या बायकोनं केलेलं बेसन होतं, ज्वारीची भाकर, जवसाची चटणी. मी पानावरचं सगळं खाल्लं. निघताना डोमानं कागदात शेरभर पीठ बांधलं, वरून सुतळी गुंडाळली. माझा हात खिशाकडं गेला तर म्हणाला, "राहू दे. आता पीठ माहं, हात तुहा." तो दारापर्यंत येऊ शकत नव्हता, म्हणून तिथूनच हात वर केला. स्टेशनापर्यंत मी एकटा चालत आलो.

दुसऱ्या दिवशी मी बायकोला चुलीपाशी येऊ दिलं नाही. मोहरी, लसूण, मिरची, हळद, पाणी. उकळी आल्यावर डाव्या हातानं उंचावरून पीठ सोडलं, उजव्या हातानं एकाच बाजूनं पळी फिरवली, मधे कुणाशी बोललो नाही. तरी गुठळ्या झाल्याच. बायको म्हणाली, द्या, मी फोडते. मी नको म्हटलं. त्या तशाच खाल्ल्या, आतल्या कोरड्या पिठासकट. त्यानंतर मी बेसन केलं नाही.